उसना डोळा

साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली तेव्हा त्या आपल्यासाठी आहेत हे तिच्या लक्षातच आलं नाही. तीही वाजवायला लागली. शेजारच्या बाईने कोपर मारलं, "अगं, तुझंच कौतुक चाललंय. स्वतःचं स्वतःच काय वाजवतेस?" तेव्हा कुठे तिचे हात थांबले, आणि थांबलेल्या हातांचं आता करायचं काय हे तिला सुचेना. कॅन्टीन गच्च भरलं होतं. पाळी सुटलेल्या बाया, पाळीवर जाणाऱ्या बाया, मागे भिंतीला टेकलेले भट्टीवरचे पुरुष, आणि समोर चक्क बाकावर चढून उभे राहिलेले मॅनेजर साहेब. साहेबांचा चेहरा खरोखर आनंदी होता, तेच तर वाईट होतं. "ही कल्पना कुठल्या तज्ज्ञाची नाही," ते म्हणत होते, "आपल्या ताईंची आहे. संयुक्त समितीत त्यांनी स्वतः मला समजावून सांगितलं, की तपासणीची एक बाई वेळ पडली तर दोन पट्टे बघू शकते. मग म्हटलं, वेळ पडायची वाट कशाला बघायची? सोमवारी वरचे लोक येणार आहेत. त्यांच्यासमोर ताईच करून दाखवतील. बाकीच्यांनी घाबरू नका. आता एका पडद्याला एकच बाई. ज्या जास्त होतील, त्यांच्यातल्या ज्यांचे डोळे डॉक्टरी तपासणीत पास होतील त्यांना दुसरीकडे सामावून घेण्याचा आपण प्रयत्न करू. मालक आणि कामगार एका टेबलाशी बसले की काय होऊ शकतं, बघा!" पुन्हा टाळ्या झाल्या, पण आता त्या फक्त साहेबांच्या आणि त्यांच्या कारकुनाच्या होत्या. बायांचे हात खाली गेले होते आणि सगळ्याजणी तिच्याकडे बघत होत्या. बघणं हाच त्यांचा धंदा. तडा गेलेली बाटली समोर आली की बघतात, तशा.

कारखाना औषधाच्या बाटल्यांचा. भट्टीतून बाटल्या निघतात, थंड होत होत लांबलचक पट्ट्यांवरून येतात आणि शेवटी पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून सरकतात. एका पडद्यासमोर दोन पट्टे, दोन खुर्च्या, दोन बाया. एकेकीने आपापला पट्टा बघायचा. गळा, खांदा, पोट, बूड. गळ्याला तडा असला, काचेत बुडबुडा असला, बुडाशी खडा राहिला असला की बाटली उचलायची आणि खालच्या पेटीत टाकायची. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं, बसूनच तर असतात! बसून बघा म्हणावं एकदा. थोडा वेळ ठीक जातं, मग बाटल्या थांबतात आणि आपली खुर्चीच चालायला लागते. डोळे टक्क उघडे असतात आणि आत बघणारं कोणी नसतं. त्या वेळी तडा गेलेली बाटली नाकासमोरून निघून जाते, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी पोचते आणि तिच्यातून औषधाबरोबर काचेचा कण त्याच्या पोटात जातो. म्हणून डोळा द्यायचा. ही पद्धत कोणी सुरू केली कोणाला माहीत नाही, तिच्या आधीच्या बायांच्याही आधीपासून होती. खुर्ची चालायला लागली की शेजारणीला म्हणायचं, "डोळा दे." शेजारीण म्हणते, "दिला." आणि आपले डोळे मिटून घ्यायचे. तेवढा वेळ शेजारीण दोन्ही पट्टे बघते. फार वेळ नाही, मनातल्या मनात एखादं गाणं म्हणून होईल इतकाच. कारण दोन पट्टे एका नजरेत मावतात ते तेवढाच वेळ. मग आपण उठायचं, आपला पट्टा घ्यायचा, आणि पुढच्या वेळी तिचा. कोणी हिशेब ठेवत नसे. भट्टीवरचे पुरुष चेष्टा करायचे, "आम्हालाही द्या की एखादा डोळा!" आणि ढापणी मान न वळवता म्हणायची, "तुला दिला तर भट्टीत पडशील रे, मेल्या."

ढापणी म्हणजे तिच्या शेजारची. जाड काचांचा चष्मा लागला त्या दिवसापासून सगळा कारखाना तिला ढापणीच म्हणतो आणि तीही त्या नावाला ओ देते. आणि हिला सगळ्याजणी म्हणतात मेंबर. बायांनीच तिला संयुक्त समितीवर निवडून दिलं होतं. उभी राहायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा ढापणीनेच तिचा हात धरून वर केला होता, "ही जाईल. हिला नीट बोलता येतं, आणि घाबरतही नाही." तेव्हापासून मेंबर. आधी चेष्टेत, मग सवयीने, मग थोड्या मानानेही. आज कॅन्टीनच्या दारातून बाहेर पडताना मागून कोणीतरी ते नाव उच्चारलं, आणि त्यात चेष्टा नव्हती, सवय नव्हती, मान तर नव्हताच. ढापणी पुढे निघून गेली होती. एरवी दोघी कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत. आज ती चष्मा हातात धरून चालली होती, म्हणजे समोरचं काहीही दिसत नसताना तशीच, धडपडत. चष्मा तिने का काढला होता ते मेंबरला मागूनही कळलं.

रस्त्यावर आल्यावर तिला माणसं दिसेनात, गळे आणि खांदे दिसायला लागले. नेहमीच दिसतात पाळी सुटल्यावर थोडा वेळ, पण आज ते थांबेना. हा पोरगा, खांदा वाकडा. ही बाई, ठीक. हा म्हातारा, बुडाशी खडा, पायात काहीतरी सलतंय त्याच्या. शिंप्याच्या दुकानाच्या काचेसमोर ती थांबली आणि काचेत स्वतःलाच दिसली. गळा, खांदा, पोट. कुठेही तडा नाही. मग ही फेकून द्यायची का नाही? तिला वाटलं, काय वाईट केलं मी? खोटं बोलले? चोरी केली? औषधवाल्या कंपनीकडून तक्रार आली होती, तडा गेलेल्या बाटल्या जातात म्हणून. समितीत साहेबांनी विचारलं, "ताई, तुमच्या पडद्यावरून एकही वाईट बाटली कशी जात नाही? बाकीच्यांनाही शिकवूया ना." किती साधा प्रश्न. विचारलं तेही कसं, पुढे वाकून, हातातली पेन्सिल बाजूला ठेवून. इतक्या वर्षांत तिला कारखान्यात कोणी 'कसं' म्हणून विचारलं नव्हतं, 'का' म्हणूनच विचारत, का उशीर, का कमी, का तोडलं. ती खुलली. ती सगळं सांगत गेली, डोळा कसा मागायचा, कसा द्यायचा, पुढ्यातला पट्टा आणि पलीकडचा पट्टा यांच्या मधे नजर कुठे टेकवायची की दोन्ही दिसतात. साहेबांनी तिथल्या तिथे डोळे मिटून बघितले आणि सगळे हसले. चहा आला, बिस्किटं आली. "वा, ताई!" साहेब म्हणाले, आणि त्या 'वा'ने ती घरापर्यंत तरंगत गेली. तेच आठवून आता तिच्या कानाची पाळी गरम झाली. त्या 'वा'साठी, हो, त्या एका 'वा'साठी! तिला स्वतःचा असा राग आला की ती शिंप्याच्या दुकानासमोरून तरातरा निघाली आणि एका बाईला धक्का लागला तरी थांबली नाही.

वडिलांनी कधी मालकाचा चहा घेतला नाही. ते ओतकामाच्या कारखान्यात होते. बोलणी करायला आत गेले की उभे राहत. खुर्ची दिली तर म्हणत, उभाच बरा आहे. चहा आला तर कपाकडे बघतसुद्धा नसत, म्हणत, घरून पिऊन आलोय. घरी चहाचा डबा रिकामा असायचा तेव्हाही पिऊन आलोय. लहानपणी तिला हे फार थोर वाटे, आणि मोठी झाल्यावर मूर्खपणाचं वाटायला लागलं. शेवटचा संप फसला, कारखाना दुसरीकडे गेला आणि वडील घरात भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. आई म्हणायची, "एकदा बसून बोलला असतात तर?" ते म्हणत, "बसलं की गुडघे वाकतात. वाकलेले दिसतात त्यांना." म्हणून तिने ठरवलं होतं, आपण बसायचं. बसायचं, चहा प्यायचा, बिस्किट खायचं, आणि हवं ते बोलायचं. भांडून मिळतं ते दुसऱ्या दिवशी परत जातं, बोलून मिळालेलं टिकतं, असं ती बायांना सांगत असे आणि तिला ते मनापासून वाटत असे. पंखे तिने बोलून मिळवले. खुर्च्यांना पाठी तिने बोलून मिळवल्या. त्याआधी स्टुलं होती, पाठीचा कणा संध्याकाळी वेगळा काढून ठेवावासा वाटे. त्या वेळी साहेबांनी ऐकलं होतं, आणि खोटं ऐकलं नव्हतं. हेच तिला उलगडत नव्हतं. एकच माणूस पाठ देतो आणि तोच खुर्ची काढून नेतो, आणि दोन्ही वेळा चेहरा तोच, हसरा. वडील असते तर म्हणाले असते, बघ. पण ते म्हणाले असते म्हणून त्यांचं खरं कसं मानायचं? ते तरी कुठे जिंकले होते?

घरी नवरा लिफ्टच्या तारांचं ग्रीस रॉकेलने हातांवरून काढत बसला होता. तो लिफ्ट दुरुस्तीला जातो, आणि अख्खा दिवस लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत लोंबकळून आला की त्याला बोलायची भूक असते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुझी खुर्ची पक्की?" ती म्हणाली, "माझी पक्की. तिचीच जाते." "मग तू गप्प बस ना. तू थोडंच काढलंयस कोणाला?" "अहो, पण मीच सांगितलं ना?" "सांगितलंस ते खरंच सांगितलंस. आता त्यांनी त्याचं काय करावं ते तुझ्या हातात आहे का? आमच्याकडे बघ, मी लिफ्ट दुरुस्त करतो, वर कोण जातं आणि खाली कोण येतं ते मी बघत बसलो तर झालं." तिच्या डोक्यात तिडीक गेली. "लिफ्टमधून ढापणी पडतेय!" ती ओरडली, आणि ते इतकं मोठ्याने निघालं की दोघंही दचकले. नवऱ्याने चिंधी खाली ठेवली. मग तो म्हणाला, "तिचे डोळे खरंच गेलेत का?" "गेले नाहीत. लवकर थकतात. मी तिला जास्त वेळा देते, एवढंच." "हे त्यांना सांगितलंस?" "नाही." "मग नशीब म्हण," तो म्हणाला, आणि पुन्हा हात पुसायला लागला. त्याला समजत नव्हतं असं नाही. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तो शहाणपणाचं बोलतो. हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं, आणि तरी दर वेळी राग यायचा तो यायचाच.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी ती साहेबांच्या खोलीत गेली. युनियनचे सेक्रेटरी आधीच येऊन गेले होते, त्यांनी मान डोलावली होती, त्यांच्याकडे जाण्यात अर्थ नव्हता. साहेब उठून उभे राहिले. ते नेहमीच उठतात, हेही खरं. "ताई, बसा. चहा?" "घेईन," ती म्हणाली. चहा आला. तिने तो सावकाश, तळापर्यंत प्यायला. मग म्हणाली, "साहेब, मी जे सांगितलं ते परत घ्यायचंय." साहेब हसले नाहीत. त्यांना खरंच कोडं पडलं. "परत म्हणजे? सांगितलेलं परत कसं घेणार? ते आता मला माहीत आहे." "माहीत राहू दे. त्यावर योजना करू नका. एक बाई दोन पट्टे बघते ते दुसरी डोळे मिटून बसलेली असते म्हणून. ती दुसरी काढलीत तर पहिली आंधळी होणार." "त्याचाही विचार केलाय. मधे मधे सुट्टी देऊ." "पट्टा थांबवून?" "पट्टा कसा थांबेल, ताई? भट्टी आहे मागे." "मग सुट्टीत बघणार कोण?" साहेबांनी पेन्सिल उचलली, फिरवली आणि ठेवली. "हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्याही वर माणसं आहेत. मी इथे तुमच्यासाठी भांडतो, तिथे कोणी माझ्यासाठी उठून उभं राहत नाही. ही योजना दिली नाही तर ते अख्खा विभाग मशीनवर टाकतील. निम्म्या बाया तरी वाचवतोय मी. आणि तुम्हाला वाटतं मी तुमचा केसाने गळा कापला." "तसंच वाटतं," ती म्हणाली. "ताई, आपण एका बाजूला आहोत." तिने रिकामा कप बशीत ठेवला. "टेबल एक होतं साहेब. बाजू टेबलाला दोन असतात." साहेबांनी कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "सोमवारी तुम्ही बसला नाहीत तर मी दुसरीला बसवीन. ती तुमच्याइतकी चांगली नसेल. चुकेल. मग वरचे लोक म्हणतील, बायकांना जमत नाही, मशीन आणा. तुम्हीच ठरवा." आणि तिला कळलं की हा माणूस धमकी देत नाहीये, विनवणी करतोय, आणि ती धमकीपेक्षा वाईट आहे. धमकीला उत्तर देता येतं.

रविवारी दुपारी ती ढापणीच्या खोलीवर गेली. तीन मजले चढून दार वाजवलं तर आतून आवाज, "मेंबर असशील तर बाहेरच थांब." थांबली. जिन्यावर कोणाच्या तरी कपड्यांची बादली होती, तिच्याकडे बघत थांबली. मग दार उघडलं. ढापणीने चष्मा काढून ठेवला होता, तिचे डोळे उघडे, बारीक आणि लालसर दिसत होते, आणि मेंबरला वाटलं, इतकी वर्षं शेजारी बसून हे डोळे आपण कधी समोरून बघितलेच नाहीत. दोघीही कायम पडद्याकडे तोंड करून. "बस," ढापणी म्हणाली, "माफी मागायला आली असशील तर मागू नकोस. मला माफ करता येत नाही, उगाच तुझा वेळ जाईल." "माफी नाही मागत." "मग?" "काय करू ते विचारायला आले." ढापणी खदाखदा हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "आता विचारतेस? तेव्हा विचारलंस? मला, कोणाला? ते तुझ्या एकटीचं होतं का गं? तुझ्या बापाने केलं होतं? मला एका म्हातारीने शिकवलं, तिला आणखी कोणी. तू काय, बिस्किटावर दिलंस!" मेंबरने रडायचं नाही असं ठरवलं, कारण इथे रडण्याचा हक्क तिचा नव्हता. ढापणी चष्मा शोधायला लागली. तो तिच्या हाताजवळच होता. मेंबरने उचलून दिला नाही, कारण दिला असता तर ढापणीने तो फेकून मारला असता. सापडल्यावर डोळ्यांवर चढवत ती म्हणाली, "मला दोन पोरी आहेत आणि नवरा नाही, हे तुला माहीत आहे. दुसरीकडे कोण घेणार मला, हेही माहीत आहे. सांगण्यासारखं काही नाही. सोमवारी तू बसणार?" "बसणार." "छान. तू बसलीस तर जमेल तुला. मला ठाऊक आहे ना, तू बघतेस कशी. ते घड्याळ लावून थोडा वेळ बघतील, वाहवा करतील आणि गाडीत बसून जातील." हे ती टोमणा म्हणून नाही, साधं कौतुक म्हणून बोलली, आणि मेंबर कठडा धरून जिना उतरली. खरंच होतं. तिला जमलं असतं.

सोमवारी पडद्यासमोर एकच खुर्ची होती. दुसरी असायची त्या जागी फरशीवर चार पुसट गोल दिसत होते. वरचे लोक आले, चांगल्या कपड्यांतले, घाम पुसत, भट्टीच्या आवाजाला न सरावलेले, आणि त्यांच्या मागे साहेब, रात्रभर न झोपल्यासारखे. बाकीच्या बायांना पॅकिंगच्या टेबलांशी उभं केलं होतं. ढापणी तिथेच, खोक्यात बाटल्या भरत. बाटल्या यायला लागल्या. तिने पुढचा पट्टा आणि पलीकडचा पट्टा यांच्या मधे नजर टेकवली, आणि दोन्ही आले. आले की! तिला असं वाटलं की छातीत कोणी खिडकी उघडली. गळा, खांदा, पोट, बूड, आणि पलीकडे गळा, खांदा, पोट, बूड, आणि इकडे एक बुडबुडा, उचल, टाक, आणि तिकडे गळ्याला तडा, केसाइतका, दिसला, उचल, टाक. मागे कोणीतरी "कमाल आहे" म्हणालं. तिच्या हातांना ते ऐकू आलं, हात आणखी हलके झाले. हे तिचं होतं, हे तिला येत होतं, या जगात दुसऱ्या कोणालाही असं येत नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी कोणीतरी बघत होतं. एवढ्यासाठी माणूस काय वाटेल ते करेल, तिला वाटलं, आणि मग वाटलं, केलंच आहे मी. खुर्ची अजून चालायला लागली नव्हती. तिला माहीत होतं ती कधी चालायला लागेल, आणि त्याआधी हे लोक निघून जातील हेही माहीत होतं. मुद्दाम चुकायचं असतं तर सोपं होतं, एखादी वाईट बाटली जाऊ द्यायची. पण ते तिच्याने होणार नव्हतं. त्या बाटलीच्या पलीकडे कोणीतरी आजारी होतं, त्याने काय केलं होतं? आणि चुकली असती तर म्हणाले असते, आणा मशीन. चुकायचंही नाही, जमवायचंही नाही. बाटल्या येत राहिल्या. डोळे ताजे होते, कुठेही शीण नव्हता. आत्ताच, तिला वाटलं. थकल्यावर मागितला तर म्हणतील बिचारी थकली. मला दिसतंय तेव्हाच मागायचा.

"डोळा दे," ती मोठ्याने म्हणाली.

भट्टीच्या आवाजातही ते पॅकिंगच्या टेबलांपर्यंत गेलं. वरच्यांपैकी एकाने साहेबांना विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" साहेब तिच्या खुर्चीकडे निघाले. त्यांना माहीत होतं काय म्हणाली, तिनेच तर सांगितलं होतं. मग तिने डोळे मिटले. बाटल्यांची किणकिण एकदम मोठी झाली. पापण्यांच्या आत पांढरा उजेड तांबडा झाला आणि त्यात बाटल्यांच्या काळ्या सावल्या सरकत राहिल्या, न बघितलेल्या. "ताई," साहेब कानाशी म्हणाले, "ताई, डोळे उघडा. तुम्हाला जमत होतं!" "जमतंय साहेब. आता मिटायची पाळी आहे." "पट्टे चालू आहेत!" "चालू आहेत. माझ्या शेजारी कोण आहे?" "कोणी नाही, तुम्हाला ठाऊक आहे." "मग पट्टे थांबवा, नाहीतर शेजारी कोणी द्या. पण मी उघडणार नाही. काढून टाका. मशीन आणा. तुम्ही जे बघून वा म्हणालात, ते हे आहे. अर्धं नाही देणार." किणकिण, किणकिण. न बघितलेल्या बाटल्या पॅकिंगकडे निघाल्या होत्या. कोणीतरी धावत गेलं, कोणीतरी ओरडलं, "बटण कुठाय?" पॅकिंगच्या टेबलांवर खोक्यांचा आवाज थांबला, सगळा एकदम. त्या बाया बाटल्या उचलत नव्हत्या. मिटलेल्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पापणीखालून निघून गालावर आलं, आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही. आता काय व्हायचं ते होऊ दे, ती मनात म्हणाली, नोकरी गेली तर गेली, नवरा बोलेल तर बोलू दे. तिला वडिलांसारखं ताठ वाटत नव्हतं. खुर्चीला मस्त पाठ होती, ती पाठीला टेकून बसली.

मग उजव्या खांद्याला मागून कोणाचं तरी पोट लागलं. खुर्ची नव्हती, म्हणून कोणीतरी तिच्यावर रेलून उभं राहिलं होतं, आणि एक हात तिच्या कानाजवळून पुढे गेला. काच उचलली गेली आणि खालच्या पेटीत पडली. वाईट बाटलीचा तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

"दिला," ढापणी म्हणाली. "आणि नीट मीट. चोरून बघू नकोस."

"बाई, तुम्ही पॅकिंगला आहात," साहेबांचा आवाज आला. "कोणी सांगितलं तुम्हाला इथे यायला?"

"बाटल्या चालल्यात साहेब," ढापणी म्हणाली, "मला वर बघायला सवड नाही." दुसरी बाटली पेटीत पडली. मागे पावलं वाजायला लागली, एकीची, मग आणखी एकीची, पॅकिंगच्या टेबलांकडून पडद्याकडे येणारी, आणि कोणालाही घाई नव्हती. ढापणीने पोटाने तिच्या खांद्याला एक चांगला ढोसा दिला आणि कानाशी तोंड आणून, दात ओठ खात म्हणाली, "तुझ्यावरचा राग तसाच आहे. समजलीस?"

"समजले," मेंबर म्हणाली, आणि डोळे मिटूनच राहिली.